वास गाळला जात नाही

१२ जानेवारी

मुंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याबद्दल आधीच आभार. नसतं उघडलंस तरी मला काय कळणार होतं म्हणा! अकरा वर्षं झाली. तुझा पत्ता शिंपीणकाकूंनी दिला. म्हणजे दिला नाही, मी महिनाभर त्यांच्या मागे लागून काढून घेतला. त्यापायी तीन ब्लाउज शिवून घ्यावे लागले आणि त्यातले दोन मला होत नाहीत. त्यांच्यावर रागावू नकोस.

घरून फोन करणं शक्य नव्हतं. फोन अजून बाबांच्या उशाशीच आहे. हे मी प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत, जुन्या तपासणी-अहवालांच्या कोऱ्या बाजूला लिहितेय. मागे ‘गढूळपणा: मर्यादेत’ असं छापलेलं दिसेल, ते माझ्याबद्दल नाही.

बातमी अशी, की ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. वाचा गेली होती, ती परत आली. आता ते फार मऊ झालेत. दिवसभर पडून असतात, तुझी आठवण काढतात. तू ओळखणारही नाहीस त्यांना.

पण लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते सरळच सांगते. मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीये. समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेत, माझ्याच कामाची, पाण्यातले बारके जीव सांभाळायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी कोणी बोलावतं का एखाद्या बाईला? मला बोलावलंय. एक एप्रिलला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बाबांना एकटं ठेवता येत नाही आणि सांभाळायला ठेवलेल्या बायका टिकत नाहीत, पगार कमी पडतो त्यांना. तू दोन महिने येऊन राहिलीस तर मी तिकडे खोली बघेन, मग पुढची काहीतरी सोय करू. काय सोय ते आत्ता विचारू नकोस.

माझ्या पाणपिसवा आठवतात का तुला? मोहरीएवढ्या, बरणीत उड्या मारणाऱ्या? बाबा इथे साहेब असताना त्यांनीच ही पद्धत सुरू केली होती. नदीतून आलेल्या पाण्यात दहा पिसवा सोडायच्या आणि दोन दिवसांनी जिवंत किती ते मोजायचं. दहाच्या दहा पोहत असल्या, तर पाण्यात विष नाही. वीस वर्षं मी हेच मोजतेय. पण दोन महिन्यांपासून त्यांची डोकी बदललीत. गोल असायची, आता वर टोक आलंय, विदूषकाच्या टोपीसारखं. शेपटीचा काटाही लांबलाय. मरत नाहीत, पण पिल्लं कमी देतात. नव्या केमिस्टबाई म्हणतात, कारण शोधा. शोधते.

उत्तर प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

तुझी,
ताई

३ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र आलं. साडेचार ओळी. शिपायानं ते सगळ्यांसमोर हातात दिलं, आणि मी पंपाच्या खोलीत जाऊन पाच वेळा वाचलं. तिथे एवढा आवाज असतो की कोणी रडलं तरी ऐकू येत नाही.

तू विचारलंस, ते अजून ओरडतात का? नाही गं. आवाजच कुठे राहिलाय! काही हवं असलं की डाव्या हातानं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात, एवढंच. वाजला की मी जाते. झालं.

आणि शेवटच्या अर्ध्या ओळीत, भाजीवाल्याला पत्ता सांगावा तसं तू सांगितलंस की तुला सहा वर्षांची लेक आहे. सहा! म्हणजे मी सहा वर्षं मावशी आहे आणि मला पत्ता नाही. ती कशी दिसते, कोणावर गेलीये, हट्टी आहे का? हट्टी असली तर तुझ्यावर आणि नसली तर देवाची कृपा.

टोप्यांचं कोडं सुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर मी बरण्या उकळल्या, त्यांचं खाणं बदललं, चार जणांवर संशय घेतला, आणि चोर निघाले मी. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन पिसवांना मारतं, म्हणून त्यांच्यासाठी मी आवारातल्या तळ्याचं पाणी बारीक कापडातून गाळून घेते. ऑक्टोबरमध्ये डास फार झाले, पहारेकरी कुरकुरायला लागला, म्हणून मोठ्या शहाणपणानं मीच तळ्यात गप्पी मासे सोडले. गप्पी डासांच्या अळ्या खातात. पाणपिसवाही खातात. आता मासा काही कापडातून येत नाही. पण मासा ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याला त्याचा वास लागतो, आणि वास गाळला जात नाही. बरणीत मासा नाही, कधी नव्हता. तरी सगळ्यांनी टोप्या चढवल्या. टोकदार डोकं माशाच्या तोंडात अडकतं ना, म्हणून.

मी केमिस्टबाईंना विचारलं, ‘‘एवढ्यात ह्यांची जातच बदलली की काय?’’

‘‘छे हो. जीन तेच आहेत. ह्या सगळ्या एकाच आईच्या, बाप नसलेल्या लेकी. एकीत जे आहे तेच दुसरीत. फक्त कुठलं जीन कामाला लावायचं आणि कुठलं गप्प बसवायचं, ते पाणी कसं आहे त्यावर ठरतं.’’

मी ते माझ्यापुरतं असं समजून घेतलं, की डब्यांतला शिधा तोच, पण दारात कोण आलंय ते बघून काय शिजवायचं ते ठरतं. टोपीचा शिधा प्रत्येकीच्या घरात पहिल्यापासून होता. मात्र टोपी फुकट मिळत नाही. तिच्यावर एवढं खर्ची पडतं की अंड्यांना फारसं उरत नाही. हे वाचून लगेच माझ्याकडे बघू नकोस.

टोपीवाल्या पंचवीस मी वेगळ्या काढल्यात आणि मासे नसलेल्या विहिरीच्या पाण्यात ठेवल्यात. बघू काय होतं. तू येण्याचं कळव. एप्रिल काही थांबणार नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

मुंगे,

येतेस! वीस मार्चला, शाळेला सुट्टी लागली की, लेकीला घेऊन! मी पत्र हातात घेऊन केमिस्टबाईंना मिठी मारली. त्यांच्या हातात ॲसिडची बाटली होती, थोडक्यात वाचलो दोघी.

समुद्राकाठच्या नोकरीला होकार कळवून टाकला. आता माघार नाही.

बाबांना काल सांगितलं. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग विचारलं, ‘‘पोरीला वळण आहे का?’’ मी म्हटलं, असेल. तर म्हणाले, ‘‘तिच्या आईचं जाऊ दे, ती वाया गेली. पोर लहान आहे, अजून हातात आहे. तिला इथल्याच शाळेत घालू.’’ बघ, आत्तापासून किती जीव लागलाय.

तुमच्यासाठी मागची खोली रिकामी केलीये. तुला ती आवडत नाही हे मला माहीत आहे, पण दुसरी खोली नाही. बाहेरची कडी सुताराला सांगून काढून घेते.

लेकीला आधी थोडं समजावून आण. फार काही नाही. जेवताना ताटात चमचा वाजवायचा नाही. त्यांच्या दारावरून जाताना थांबायचं नाही, पण पळायचंही नाही. दुपारी दोन ते चार नळ सोडायचा नाही. हसायला हरकत नाही, फक्त ते का हसलात म्हणून विचारतात, तेव्हा सांगता येईल अशाच गोष्टीला हसायचं. काही सांडलं तर लपवायचं नाही, आधी आपणच जाऊन सांगायचं. पेला वाजला की हातातलं काम टाकून जायचं. दुसऱ्यांदा वाजू द्यायचा नाही. आणि ‘का’ असं विचारायचं नाही. बाकी काही त्रास नाही, तिला मोकळेपणानं राहू दे.

वरचं परत वाचलं. खोडून दुसरं लिहिणार होते, पण सुट्टी संपली.

ताई

८ मार्च

मुंगे,

ह्याआधीची तिन्ही पत्रं खोटी आहेत. पिसवांचं तेवढं खरं.

पगार कमी म्हणून एकही बाई गेली नाही. पगार मी दुप्पट देत होते. पाच जणी गेल्या आणि सहावी परवा गेली. ही सहावी गेल्या सोमवारी आली. तिची सात वर्षांची मुलगी दुपारच्या शाळेत जाते, म्हणून सकाळी आईबरोबर आपल्याकडे यायची. मी दहाला कामावर निघते, तोवर ती मला दिसायची. पहिल्या दिवशी तिनं मोठमोठ्यानं गाणं म्हटलं, बादली पाडली आणि मला विचारलं, ‘‘ह्या आजोबांचं तोंड वाकडं का?’’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्या घरात कोणीतरी ‘का’ म्हणालं.

मंगळवारी बाबांनी पेला वाजवून तिला आत बोलावलं. हात लावला नाही, ओरडले नाहीत. समोर उभं केलं आणि म्हणाले, ‘‘काय चुकलीस ते सांग.’’ तिला कळेना. ते नुसते बघत राहिले. अर्धा तास. शेवटी पोरीनं तीन चुका सांगितल्या. तिन्ही तिनं केलेल्या नव्हत्या. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. आत गेले नाही.

शुक्रवारी ती भिंतीला धरून चालत होती. बैठकीतली जी फरशी वाजते, ती टाळून. चार दिवसांत शोधून काढली तिनं. आपल्याला कितीतरी दिवस लागले होते. शनिवारी बाईंनी हिशेबाचंही नाव काढलं नाही. ‘‘ताई, पोर घरीसुद्धा कुजबुजायला लागली. मला नको हे घर,’’ म्हणाल्या आणि चपला हातात घेऊनच जिना उतरल्या.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, मुंगे. एक हात आणि एक पाय गेला, तेवढंच. बाकी बाबा सगळे जागच्या जागी आहेत.

विहिरीच्या पाण्यातल्या पिसवांचं तुला सांगायचं राहिलं. त्यांना पिल्लं झाली. त्या पाण्यात मासा नाही, माशाचा वास नाही, तरी पिल्लं टोप्या घालूनच जन्मली. मला वाटलं मी बरणी चुकले. केमिस्टबाई म्हणाल्या, ‘‘चुकला नाहीत. वास आईनं घेतलेला आहे.’’ त्या पिल्लांना पिल्लं झाली, त्यांच्या टोप्या आखूड. आणि ह्या आठवड्यात त्यांची पिल्लं आली. ती गोल डोक्याची आहेत. चांगली डझनभर बघितली मी, एकेक करून. एवढ्या स्वच्छ पाण्यातसुद्धा इतका वेळ लागला. आणि मी तुझ्या लेकीला परत त्या तळ्यात बोलावत होते, तिला नळ कधी सोडायचा ते पत्रानं शिकवत होते.

आता दुसरं. हे मला अकरा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

तुझी बॅग शिंपीणकाकूंकडे ठेवलीये, तू गुरुवारी सकाळच्या गाडीनं नोकरीवर जाणार आहेस, हे बाबांना मी सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नाही. तू बंद दाराआडून त्यांना दोष देत राहिलीस, मी चोरासारखी मान खाली घालून ऐकून घेतलं. तू गेलीस की मी त्यांच्याबरोबर एकटी राहणार, एवढं एकच मला दिसत होतं. वाटलं, रागावतील, जाऊ देणार नाहीत, झालं. ते तुला मागच्या खोलीत कोंडतील असं वाटलं नव्हतं. असं लिहितेय खरी. पण कदाचित वाटलंही असेल.

आणि किल्ली त्यांच्या खिशात नव्हती. त्यांनी मला रजा घ्यायला लावली होती आणि सकाळी कामावर निघताना ते ती माझ्याकडे देऊन जायचे. ‘‘तुझ्यावर विश्वास आहे,’’ म्हणायचे. त्यांनी मला आयुष्यात म्हटलेलं ते एकच चांगलं वाक्य, आणि ते ऐकायला मी रोज सकाळी दारात उभी राहायचे. नऊ दिवस किल्ली माझ्या कमरेला होती. मी दाराखालून तुला ताटली सरकवायचे आणि परत स्वयंपाकघरात जायचे. दहाव्या दिवशी शिंपीणकाकूंनी माझ्या कमरेची किल्ली ओढून काढली, तेव्हा मी त्यांचा हात धरला नाही, एवढंच माझं शौर्य.

तेव्हा मला एकटीला राहायचं नव्हतं, म्हणून तुला कोंडू दिलं. आता मला सुटायचंय, म्हणून तुला बोलावलं. दोन्ही वेळा दाराशी मीच होते.

येऊ नकोस. लेकीला तर मुळीच आणू नकोस. ‘इथल्याच शाळेत घालू’ म्हणतात ते मायेनं नाही. ते खरंच घालतील. आधी एक महिना म्हणतील, मग तुझ्या मालकांना पत्र लिहितील, तुझ्या नवऱ्याला लिहितील. तुझी पहिली नोकरी त्यांच्या पत्रांनीच गेली होती ना? ती सहा पत्रं मीच टाइप करून दिली होती. हेही आत्ताच सांगून टाकते.

समुद्राकाठी नकार कळवला. त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटतंय. खोलीचं भाडंसुद्धा विचारून ठेवलं होतं.

ताई

१७ मार्च

मुंगे,

तुझं पत्र मिळालं. ‘‘मला माहीत होतं. दाराबाहेर किल्ल्या तुझ्या चालीनं वाजायच्या.’’

म्हणजे तुला सगळं माहीत होतं, आणि तरी तू माझ्यासाठी यायला निघाली होतीस. मी ते वाचून पंपाच्या खोलीत गेले नाही. टेबलावरच, सगळ्यांसमोर रडले. नदीच्या पाण्याच्या दहा पिसवा तेवढ्या केमिस्टबाईंनी मोजून दिल्या.

बाबांना मी काल सांगितलं, की तू येत नाहीस. वाटलं होतं, पेला भिरकावतील. ते शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘‘पत्ता दे.’’

‘‘माझ्याकडे नाही.’’

‘‘आहे. खोटं बोलताना तुझा डावा पाय हलतो.’’

मी खाली पाहिलं. हलत होता.

‘‘मी फक्त पोरीला पत्र लिहीन,’’ म्हणाले. ‘‘आजोबांनी नातीला चार ओळी लिहिणं गुन्हा आहे का? तूच टाइप करून दे. तुझ्यावर माझा विश्वास आहे.’’

सहावी बाई गेल्यापासून मी दुपारीच घरी येते; तेव्हा दोन वाजले होते. पाच वाजता मी अजून त्यांच्यासमोर उभी होते. तुला माहीत आहे ते कसं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काय चुकलीस ते सांग, पुन्हा सांग, अजून एक आठव. मी सांगत गेले. माझ्या चुका, आपल्या आईच्या चुका, प्रयोगशाळेतले मासे, ब्लाउजसुद्धा सांगितले. पत्ता सांगितला नाही. सव्वापाचला त्यांचा डोळा लागला, तेव्हा मी बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले. पाय हलतच होता.

तुझी तिन्ही पत्रं प्रयोगशाळेच्या शेगडीत जाळली. शिंपीणकाकूंना सांगितलं, तुझ्या पत्त्याचं वहीतलं पान फाडा, आणि मी पुन्हा कापड घेऊन आले तर मला दारातून परत पाठवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच उठले.

पण पत्ता मला पाठ आहे. घर नंबर, गल्ली, पिन, सगळं. तो माझ्या डोक्यातून काढायला मला जागाच सापडत नाही. उद्या ते पुन्हा विचारणार. परवा विचारणार. एखाद्या दिवशी ते मऊ आवाजात विचारतील, माझ्या डोक्यावर तो एक हात ठेवतील, आणि मी स्वतःला ओळखते, मुंगे. मी किल्ली नऊ दिवस सांभाळणारी बाई आहे.

म्हणून हे शेवटचं पत्र. काल मी पत्ता सांगितला नाही, आजही सांगणार नाही. तेवढ्या दिवसांत तू घर बदल. लेकीची शाळाही बदल. आणि नवा पत्ता मला कळवू नकोस.

ताई